ताराबाई मोडक

ताराबाई मोडक (१९ एप्रिल १८९२ – ३१ ऑगस्ट १९७३) या भारतातील बालशिक्षणाच्या अग्रणी कार्यकर्त्या, शिक्षकप्रशिक्षक व लेखिका होत्या. भावनगर, दादर, बोर्डी आणि कोसबाड ही त्यांच्या कार्याची चार मुख्य केंद्रे. लहान मुलांसाठी शाळा काढणाऱ्या म्हणून त्या सर्वपरिचित आहेत. परंतु त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग मुलांना शिकविणाऱ्यांना घडविण्यात गेला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सांभाळणारी बाई ही आया नसून शिक्षिका आहे, तिला शास्त्रशुद्ध प्रशिक्षण, वाचायला नियतकालिक आणि समव्यवसायी मंडळींची संघटना हवी, असा त्यांचा आग्रह होता. ही गोष्ट आज साधी वाटते. १९२०च्या दशकात ती तशी नव्हती. भारत सरकारने १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

जन्म व पूर्वायुष्य

ताराबाईंचा जन्म मुंबई येथे झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाशी संबंधित होते. आई उमाबाई यांचा हा विवाह पुनर्विवाह होता. विधवेशी विवाह करणाऱ्या कुटुंबाला त्या काळी समाजाकडून काय सोसावे लागे हे सांगण्याची आवश्यकता नाही. अशा घरात वाढलेल्या मुलीला रूढीपेक्षा स्वतःच्या विचाराने चालण्याचे बाळकडू मिळाले असल्यास नवल नाही. १९१४ मध्ये त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. स्त्री पदवीधरांची संख्या तेव्हा अगदी मर्यादित होती.

अमरावती येथील वकील कृष्ण विनायक मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ मध्ये दोघे विभक्त झाले. पदरी लहान मुलगी होती. उपजीविकेसाठी त्यांनी राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद स्वीकारले. त्या पदावरील त्या पहिल्या भारतीय प्राचार्य होत. शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेशी त्यांचा आलेला हा पहिला संबंध. पुढे त्यांनी ज्या कामाला वाहून घेतले त्याचे बीज येथेच पडले असे मानण्यास जागा आहे.

भावनगर : गिजुभाई आणि नूतन बालशिक्षण संघ

नानाभाई भट्ट यांनी भावनगर येथे उभारलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केले होते. गिजुभाई मूळचे वकील. मादाम माँटेसरींचे ग्रंथ वाचून ते मुलांकडे वळले आणि गुजरातेत ‘मूछाळी मा’ म्हणजे मिशीवाली आई म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्या प्रयोगाने प्रभावित होऊन ताराबाई १९२३ मध्ये राजकोटची प्राचार्यपदाची सुरक्षित नोकरी सोडून भावनगरला गेल्या. एकट्या स्त्रीने, लहान मुलीची जबाबदारी असताना, स्थिर उत्पन्नाचा मार्ग सोडून एका प्रयोगशील संस्थेत जाणे ही साधी गोष्ट नव्हती.

भावनगरमध्ये त्यांनी सुमारे नऊ वर्षे काम केले. माँटेसरी पद्धतीतील दोन तत्त्वे त्यांनी कायमची स्वीकारली : मूल स्वतःच्या कृतीतून शिकते, आणि शिक्षकाचे पहिले काम शिकविणे नसून निरीक्षण करणे आहे. या दुसऱ्या तत्त्वाचा परिणाम दूरगामी झाला. छडी व पाठांतर यांवर चालणाऱ्या शाळेत शिक्षकाला फारशा तयारीची गरज भासत नाही. मुलाला मोकळे सोडून त्याच्या हालचालींतून त्याची गरज ओळखायची, तर शिक्षकालाच प्रथम शिकावे लागते. म्हणून बालमंदिराच्या जोडीला अध्यापनमंदिर अपरिहार्य ठरले. गिजुभाई व ताराबाईंनी मूळ पद्धतीत भरही घातली. परीकथांविषयी माँटेसरींचे मत अनुकूल नव्हते. भावनगरच्या बालमंदिरात मात्र गोष्ट, लोकगीत व नाट्य यांना मानाचे स्थान होते.

१९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. वेतनाच्या मागण्या मांडणारी संघटना असे त्याचे स्वरूप नव्हते. विखुरलेल्या बालशिक्षकांना एका विचाराने बांधणे, प्रशिक्षणाची व्यवस्था करणे आणि बालशिक्षणाचा प्रसार करणे ही त्याची कामे होती. तरीही बालशिक्षक हा स्वतंत्र व्यवसाय आहे आणि त्या व्यवसायातील माणसांनी एकत्र यावे, ही कल्पना या संघामुळे रुजली. प्राथमिक शिक्षकांना निदान लोकलबोर्ड आणि शाळाखाते यांच्या दप्तरात जागा होती. बालशिक्षिकेची नोंद कोठेच नव्हती.

संघाचे मुखपत्र म्हणजे ‘शिक्षणपत्रिका’. तिची मराठी आवृत्ती १९३३ पासून ताराबाईंच्या संपादनाखाली निघू लागली. खेड्यापाड्यांतील एकट्यादुकट्या शिक्षिकेसाठी असे नियतकालिक हाच व्यवसायबंधूंशी संवादाचा मार्ग होता. प्रशिक्षण संपल्यावर शिक्षक एकटा पडतो आणि हळूहळू जुन्या वळणावर जातो, ही या क्षेत्रातली नेहमीची अडचण आहे.

दादर : शिशुविहार आणि अध्यापनमंदिर

भावनगर सोडून ताराबाई मुंबईस आल्या आणि १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू झाले. मराठी मध्यमवर्गाच्या वस्तीत मुलांना न मारता, न ओरडता शिकविणारी ही शाळा लवकरच नावारूपाला आली. तेथेच बालशिक्षकांसाठी अध्यापनमंदिर चालू झाले. प्रशिक्षणाचे माध्यम मातृभाषा होते.

हा मुद्दा वरवर किरकोळ वाटला तरी महत्त्वाचा आहे. मादाम माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या आणि मद्रासजवळ अड्यार येथे त्यांनी प्रशिक्षणवर्ग घेतला. युद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबला. १९२९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेमार्फत आपल्या पद्धतीचे प्रशिक्षण कोणी द्यावे यावर त्यांचे कडक नियंत्रण होते. अधिकृत पदविका, ठरावीक साधने, ठरावीक क्रम हे सारे त्या शिस्तीचे भाग होते. पद्धतीची शुद्धता राखण्याच्या दृष्टीने ते समजण्यासारखे आहे. परंतु मराठी शाळेत सातवी शिकलेल्या मुलीला त्या दारातून आत जाणे जवळपास अशक्य होते. ताराबाईंनी तत्त्व ठेवले आणि दार रुंद केले. त्यांना भारताची माँटेसरी असे म्हटले जाते. ते बिरुद गौरवाचे असले तरी अर्धेच खरे आहे, कारण त्यांचे वेगळेपण मूळ पद्धतीपासून त्यांनी घेतलेल्या फारकतीतच आहे.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधानसभेच्या सदस्य होत्या. याच काळात, १९४७ मध्ये, मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. प्राथमिक शिक्षकांच्या सेवेला त्यामुळे अधिक निश्चित चौकट मिळाली. बालवाडीचे वय मात्र त्या चौकटीबाहेर राहिले, आणि ते पुढे कित्येक दशके बाहेरच राहिले.

बोर्डी : अंगणातील शाळा

१९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाईंनी शहर मागे ठेवून बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. तत्कालीन ठाणे जिल्ह्याचा हा उत्तरेकडील भाग. आज ते पालघर जिल्ह्यात मोडते. डहाणू-उंबरगाव भागात त्याच वर्षी वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा उभा राहिला, ज्याचे नेतृत्व शामराव व गोदावरी परुळेकर यांनी केले. एकाच प्रदेशात, एकाच वर्षी ही दोन्ही कामे सुरू झाली. त्यांचे मार्ग निराळे होते, पण ज्या माणसांसाठी ती चालली होती ती माणसे फारशी निराळी नव्हती.

बोर्डीच्या कामात अनुताई वाघ त्यांना सहकारी म्हणून मिळाल्या. बालविधवा असलेल्या अनुताई तेव्हा पुण्यातील हुजूरपागेत शिक्षिका होत्या. १९४५ मध्ये बोरिवली येथे कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि त्या बोर्डीला आल्या. त्या अखेरपर्यंत या कामात राहिल्या.

शहरात यशस्वी ठरलेली रीत येथे चालेना. शाळा उघडली तरी गरिबांची मुले येत नसत. कपडे नसत, अंघोळ झालेली नसे, आईबाप पहाटेच कामावर गेलेले असत आणि थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असे. तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, असा विचार पुढे आला. शिक्षिका वस्तीवर जात, मुलांना जमवीत, त्यांची नखे काढीत, अंघोळ घालीत, केस विंचरीत आणि मग गाणी, गोष्टी व खेळ सुरू होत. अंगणवाडी या शब्दाचा व कल्पनेचा उगम या प्रयोगात आहे. महागडी लाकडी साधने परवडण्याचा प्रश्नच नव्हता. शंखशिंपले, बिया, पाने, खडे, माती, काड्या यांपासून साधने बनविली गेली. मोजणे, वर्गीकरण करणे, लहानमोठे ओळखणे या सर्व गोष्टी त्यांतून साधत.

यामुळे शिक्षकप्रशिक्षणाचा अर्थही बदलला. बोर्डीच्या शिक्षिकेला तयार साधन वापरण्याबरोबर परिसरातून साधन निर्माण करणे, आईशी बोलणे, खरूज व ताप ओळखणे, वस्तीचा विश्वास मिळविणे हे सर्व शिकावे लागे. नखे काढणे हे शिक्षिकेचे काम की आयेचे, असा प्रश्न शिक्षित घरातून आलेल्या प्रशिक्षणार्थीच्या मनात उभा राहणे स्वाभाविक होते. ताराबाईंच्या दृष्टीने ही फोडच चुकीची होती. मात्र कामाचा हा विस्तार होत असताना त्याच्या मोबदल्याचे काय, हा प्रश्न स्वेच्छेने साधे जीवन पत्करलेल्या त्या पिढीने पुढे रेटला नाही. सेवाभावी संस्थेत तो मागे राहणे समजू शकते. पुढे शासकीय योजनेतही तो मागेच राहिला, हे अधिक गंभीर होते.

कोसबाड

किनाऱ्यावरील बोर्डीपेक्षा आदिवासी वस्ती डोंगराळ भागात अधिक होती. म्हणून १९५७ मध्ये केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर हलविण्यात आले. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या घरात होत्या. कोसबाडचे दोन प्रयोग विशेष उल्लेखनीय आहेत. पहिला विकासवाडीचा : पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. धाकट्या भावंडाला पाळणाघरात ठेवून थोरली बहीण शेजारच्या वर्गात बसू लागली. मुलींच्या गळतीचे कारण त्यांच्या अनास्थेत शोधण्याऐवजी त्यांच्या कडेवर शोधणारा हा उपाय होता. दुसरा कुरणशाळेचा. गुरे राखणारी मुले वर्गात येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक कुरणात जात आणि गुरे चरत असताना शाळा भरे. दिवसा न येणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग असत.

केंद्रात बालसेविकांचे प्रशिक्षण चालू राहिले. प्रशिक्षणशाळेला लागूनच चालती बालवाडी असल्यामुळे सकाळी ऐकलेले दुपारी करून पाहता येई. अध्यापक विद्यालय आणि सरावशाळा यांत पडणारे अंतर येथे नव्हते.

लेखन

‘शिक्षणपत्रिके’तील विपुल लेखनाशिवाय ‘बालविकास व शिस्त’, ‘बालकांचा हट्ट’, ‘बिचारी बालके’, ‘नदीची गोष्ट’ ही त्यांची काही पुस्तके. पालक व शिक्षक हे त्यांचे मुख्य वाचक. भाषा साधी आणि बोलण्याच्या वळणाची आहे.

निधन व नंतरचा काळ

३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाईंचे निधन झाले. कोसबाडचे काम अनुताई वाघ यांनी १९९२ मधील आपल्या मृत्यूपर्यंत चालविले. त्यांना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या त्यांच्या आत्मकथनात या काळाचे चित्रण आहे.

ताराबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र शासनाने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले आणि ते देशभर गेले. नावाबरोबर पोषण, आरोग्य व पूर्वशालेय शिक्षण एकत्र आणण्याची कल्पनाही गेली. शिक्षिकेचा दर्जा मात्र गेला नाही. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना मानसेवी कर्मचारी ठरविण्यात आले आणि वेतनाऐवजी मानधन देण्यात आले. ताराबाईंच्या पिढीने न उचललेला प्रश्न सेविकांच्या संघटनांनी उचलला. महाराष्ट्रात सप्टेंबर २०१७ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे दीर्घ संप झाले. मानधनवाढ, निवृत्तिवेतन व उपदान या त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. दरम्यान २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस उपदान कायद्याखाली उपदानास पात्र असल्याचा निर्णय दिला. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा हा वयोगट शिक्षणाच्या पायाभूत स्तरात समाविष्ट केला आहे आणि अंगणवाडी सेविकांच्या पद्धतशीर प्रशिक्षणाची तरतूद त्यात आहे.