इब्नुल हैसम : नील नदीकाठची कबुली

वाचकहो, आपल्या घरातील शाळकरी मुलाने पुठ्ठ्याच्या खोक्याला सुईने छिद्र पाडून मेणबत्तीची उलटी प्रतिमा पाहिल्याचे आपणास आठवत असेल. प्रकाश सरळ रेषेत प्रवास करतो, हे तत्त्व त्या खेळामागे आहे. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी हे तत्त्व पद्धतशीर प्रयोगांनी तपासून दाखविणारे विद्वान म्हणजे अबू अली अल-हसन इब्नुल हसन इब्नुल हैसम. त्यांची विद्वत्ता जगप्रसिद्ध आहे. परंतु या विद्वत्तेला आकार देणारा प्रसंग आहे तो त्यांच्या पराभवाचा, आणि आज आपण तोच प्रथम समजून घेऊ या.

इ.स. ९६५ च्या सुमारास (हिजरी ३५४) इराकमधील बसरा शहरी त्यांचा जन्म झाला. गणित, खगोल आणि यंत्रविद्या यांत त्यांनी लौकिक मिळविला. त्या काळी इजिप्तवर फातिमी खलीफा अल-हाकिम यांची सत्ता होती. नील नदीला कधी महापूर येई, तर कधी पाणी इतके कमी येई की दुष्काळ पडे. आपण इजिप्तमध्ये असतो, तर या नदीच्या पाण्याचे नियमन करून दाखविले असते, असे उद्गार इब्नुल हैसम यांनी काढले आणि ते खलीफांच्या कानी गेले, असे चरित्रकार सांगतात. खलीफांनी त्यांना सन्मानाने कैरोस बोलाविले, धन दिले, कारागीर दिले आणि नदीच्या उगमाच्या दिशेने रवाना केले.

आता, वाचकहो, त्या प्रवासाची कल्पना करा. काठाकाठाने दक्षिणेकडे जाताना त्यांच्या दृष्टीस प्राचीन इजिप्शियन लोकांची भव्य मंदिरे आणि स्मारके पडत होती. त्या दगडी बांधकामातील भूमितीची अचूकता पाहून त्यांच्या मनात शंका उद्भवली. ज्या लोकांपाशी एवढे कसब होते, त्यांना नदी अडविणे शक्य असते, तर ते त्यांनी केले नसते काय? अस्वानच्या दक्षिणेस अल-जनादिल येथे, जिथे नदी खडकांतून खळाळत उतरते, त्यांनी जागेची सर्व बाजूंनी पाहणी केली आणि ही योजना आपल्या साधनांनी पूर्ण होणार नाही, अशी त्यांची खात्री पटली.

कसोटीची घटका हीच होती. राजाचा पैसा खर्च झाला होता, कीर्ती पणास लागली होती आणि अल-हाकिम यांच्या लहरी व कठोर स्वभावाची सर्वांना धास्ती होती. काम सुरू ठेवून वर्षानुवर्षे खजिन्यातून धन उपसणे त्यांना अशक्य नव्हते. यश येते आहे असे अहवाल धाडता आले असते, अपयशाचे खापर कारागिरांवर फोडता आले असते. इब्नुल हैसम यांनी यांपैकी काहीही केले नाही. ते परत फिरले आणि आपला अंदाज चुकला, हे त्यांनी खलीफांसमोर मान्य केले. पाहणी करण्याआधीच दावा केला, ही त्यांची चूक होती; ती झाकण्यासाठी दुसरी चूक त्यांनी केली नाही.

खलीफांनी वरकरणी सबब स्वीकारून त्यांना एक सरकारी हुद्दा दिला. परंतु जिवाची भीती सुटेना. तेव्हा त्यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले. त्यांची मालमत्ता ताब्यात घेण्यात आली आणि त्यांना घरातच अडकवून ठेवण्यात आले. इ.स. १०२१ मध्ये अल-हाकिम यांचा अंत झाल्यावरच ते मोकळे झाले. हे सोंग अनुकरणीय आहे, असे आम्ही म्हणत नाही. तो प्राणभयाने शोधलेला मार्ग होता. मात्र सत्तेच्या छायेत सत्य सांगण्याची किंमत किती असते, हे त्यावरून आपल्या ध्यानी यावे.

पुढील आयुष्य त्यांनी जामिआ अल-अझहरच्या दाराजवळ राहून काढले. उपजीविकेसाठी ते युक्लिडची भूमिती, टॉलेमीचा खगोलग्रंथ अल-मजिस्ती आणि गणिताचे अन्य ग्रंथ स्वहस्ते नकलून देत. त्याचे १५० दीनार येत आणि तेवढ्यावर त्यांचे वर्ष निघे. उरलेला काळ संशोधनाचा होता. नव्वदहून अधिक ग्रंथ व प्रबंध त्यांच्या नावावर आहेत.

त्यांपैकी सात भागांचा ‘किताबुल मनाज़िर’ हा ग्रंथ दृष्टी आणि प्रकाश यांविषयी आहे. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात, म्हणून ती दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी यांचे मत होते. सूर्याकडे पाहिल्यास डोळा दुखतो, म्हणजे बाहेरून काहीतरी डोळ्यात येते, हे निरीक्षण पुढे ठेवून इब्नुल हैसम यांनी त्या मताचे खंडन केले. काळोख्या खोलीच्या छिद्रासमोर निरनिराळ्या जागी अनेक दिवे ठेवले असता आतील भिंतीवर तेवढेच ठिपके उमटतात, आणि एक दिवा झाकताच त्याचा एकच ठिपका नाहीसा होतो, असा त्यांचा प्रयोग आहे. याचा अर्थ, प्रत्येक दिव्याचा प्रकाश एकाच छिद्रातून जाऊनही परस्परांत मिसळत नाही. प्रयोग कोणत्या क्रमाने करावा, कोणती वस्तू कुठे ठेवावी, हे ते तपशिलाने लिहितात, जेणेकरून वाचणाऱ्याने स्वतः करून पाहावे.

प्रयोगासाठी त्यांनी वापरलेला शब्द आहे ‘इअ्तिबार’. पवित्र कुरआनात सूरह अल-हश्रमध्ये डोळस लोकांना बोध घेण्याची जी आज्ञा आहे, ती याच धातूपासून आलेल्या शब्दात आहे. संशोधकाने मनाच्या ओढीमागे जाऊ नये, न्यायाने पारख करावी, निष्कर्षांत सावध राहावे, असे त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच सांगितले. टॉलेमीवरील शंकांच्या ग्रंथात ते आणखी एक पायरी चढतात. विद्वानांना अल्लाहने चुकांपासून सुरक्षित ठेवलेले नाही, म्हणून पूर्वसूरींचे लेखन तपासावे आणि तपासताना स्वतःवरही संशय घ्यावा, असा त्याचा आशय आहे. नील नदीकाठचा अनुभव ज्याच्या गाठी होता, त्याला हे शहाणपण पुस्तकातून उसने घ्यावे लागले नसेल.

एक अमीर त्यांच्याकडे शिकण्यास आला, तेव्हा त्यांनी दरमहा १०० दीनार मागितले, अशी कथा चरित्रग्रंथांत आहे. तीन वर्षांनी शिक्षण संपल्यावर त्यांनी सारी रक्कम परत केली. ज्ञानाची ओढ खरी आहे की नाही, हे त्यांना पाहायचे होते. भल्या गोष्टी शिकविण्याचा मोबदला त्यांना नको होता.

सुमारे इ.स. १०४० मध्ये कैरो येथे ते अल्लाहला प्यारे झाले. त्यांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर युरोपात अभ्यासले गेले आणि १५७२ मध्ये बासेल येथे छापले गेले. त्यांच्याही काही गोष्टी चुकल्या. इंद्रधनुष्याचे त्यांचे स्पष्टीकरण कमालुद्दीन अल-फारिसी यांनी सुमारे तीनशे वर्षांनी प्रयोगांनीच सुधारले. ही दुरुस्ती त्यांच्याच शिकवणीचे फळ होय. अस्वानजवळ नील नदीवर उंच धरण पुरे झाले ते १९७० मध्ये, काँक्रीट आणि यंत्रांच्या युगात. आपल्या काळाच्या साधनांची मर्यादा त्यांनी बरोबर ओळखली होती.

वाचकहो, आपल्या घरांतून आज डॉक्टर, अभियंते, औषधनिर्माते आणि संगणकतज्ज्ञ घडत आहेत. प्रयोगवहीत उत्तर जुळावे म्हणून आकडा बदलण्याचा मोह शाळेत होतो. पुढे तोच मोह औषधाच्या चाचणीत, पुलाच्या तपासणीत उभा राहतो, आणि तेथे माणसांचे प्राण पणास लागलेले असतात. निरीक्षण ही अमानत आहे आणि तिच्यात फेरफार करणे ही खयानत. मुलाने प्रयोग फसल्याचे खरेपणाने सांगितले, तर त्याला रागावू नका. त्याला नील नदीकाठावरून रित्या हाताने परतलेल्या बसऱ्याच्या विद्वानाची गोष्ट सांगा. अल्लाह आपणा सर्वांना लाभदायक ज्ञान आणि ते प्रामाणिकपणे वाहण्याचे बळ देवो. आमीन.