प्लाझ्मातील धुळीचे आद्य निरीक्षक : आयर्विंग लँगम्यूर

प्लाझ्मा या अवस्थेला नाव देणारे अमेरिकन शास्त्रज्ञ आयर्विंग लँगम्यूर यांचा जन्म ३१ जानेवारी १८८१ रोजी ब्रुकलिन येथे झाला. जर्मनीतील गटिंगेन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून ते १९०९ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. विजेच्या दिव्यात निष्क्रिय वायू भरून त्यांनी टंगस्टनच्या तारेचे आयुष्य वाढवले. १९२४ मध्ये आर्गॉन वायूतून वीज सोडताना त्यांना प्रकाशाच्या सरकत्या रेषा दिसल्या. त्यांमागे टंगस्टनचे सूक्ष्म कण असल्याचे त्यांनी ओळखले. १९२८ मध्ये त्यांनी अशा आयनित वायूला प्लाझ्मा हे नाव दिले. १९३२ मध्ये पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मराठवाड्यात २०१५ मध्ये झालेल्या कृत्रिम पावसाच्या प्रयोगांची मुळेही त्यांच्या प्रयोगशाळेतील १९४६ च्या संशोधनात आहेत. १६ ऑगस्ट १९५७ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या धुळीच्या निरीक्षणाकडे मात्र दीर्घकाळ फारसे कोणी वळले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस संगणकाच्या चिप बनवणाऱ्यांना त्याचे मोल कळले. रेडिओ कंप्रतेच्या प्लाझ्मात तयार झालेले धूलिकण चपळ इलेक्ट्रॉन टिपून ऋणभारित होतात आणि विद्युत क्षेत्राच्या आधारे तबकडीवर अधांतरी तरंगतात. वीज बंद होताच ते खाली बसून चिप निकामी करू शकतात. १९९४ मध्ये हेच कण स्फटिकासारखी शिस्तबद्ध रचना करतात, हेही प्रयोगांत दिसले. उपद्रव ठरलेली धूळ अशी अभ्यासाचा विषय झाली. तिची पहिली नोंद सत्तर वर्षे आधी लँगम्यूर यांनी करून ठेवली होती.