चौपाटीवरची जागा

दिव्याहून सकाळची गाडी धरून मुंबईला बँकेत जाण्यात माझी नोकरी सरली. त्यातली काही वर्षे गिरगावात गेली. व्ही. पी. रोडवरून रोज जायचो, पण ही दोन अक्षरे कोणाची, असा प्रश्न तेव्हा कधी पडला नाही. माझ्या टेबलावर मयत खातेदारांचे दावे येत. माणूस गेल्यावर त्याची इच्छा एकीकडे राहते आणि कागद दुसरीकडे जातो, हे तिथे नेहमी पाहिले. निवृत्तीनंतर विठ्ठलभाई पटेलांविषयी वाचू लागलो, तेव्हा ते टेबल पुन्हा आठवले. सरदार वल्लभभाईंचे हे थोरले बंधू. त्यांच्या शेवटच्या दोन इच्छा होत्या आणि दोन्ही मोडल्या.

विठ्ठलभाईंचा जन्म १८७३चा. दोघे भाऊ गुजरातेत वकिली करीत. बॅरिस्टर व्हायला विलायतेस जावे म्हणून वल्लभभाईंनी पैसे साठवले आणि प्रवासाची व्यवस्था केली. इंग्रजीत दोघांचीही आद्याक्षरे एकच. कागदपत्रे थोरल्याच्या हाती पडली. धाकट्याच्या आधी आपण जावे, असे त्यांनी सुचवले आणि धाकट्याने ते मानले. एवढेच नव्हे, तर खर्चाचा भारही उचलला. हे १९०५ साल. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना यातला गोडवा कळेल, आणि त्यातली बारीक कळही.

बॅरिस्टर होऊन आल्यावर विठ्ठलभाई मुंबईत रमले. मुंबई कायदेमंडळात असताना त्यांनी प्राथमिक शिक्षणाचा कायदा करून घेतला. १९१८च्या या कायद्याने नगरपालिकांना आपल्या हद्दीत शिक्षण सक्तीचे करण्याची वाट मोकळी झाली. पुढे ते स्वराज्य पक्षात गेले, मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले आणि १९२५च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाच्या अध्यक्षपदावर निवडून आले. त्या खुर्चीवर निवडून आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. खुर्चीवर बसताच त्यांनी पक्ष सोडला.

सरकारला वाटले होते, हा मनुष्य खुर्चीचा लोभी निघेल. निघाला नियमांचा पक्का. १९२८मध्ये सार्वजनिक सुरक्षेच्या विधेयकावर ६१ विरुद्ध ६१ अशी मते पडली, तेव्हा त्यांनी आपले निर्णायक मत सरकारविरुद्ध टाकले. सरकारने दुसऱ्यांदा विधेयक आणले. त्यावर अध्यक्ष निर्णय देणार, याच दिवशी, म्हणजे ८ एप्रिल १९२९ला, भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी सभागृहात बाँब टाकले. एखादा अध्यक्ष अशा वेळी सरकारपुढे नमला असता, तर त्याला कोणी बोल लावला नसता. विठ्ठलभाईंनी तीनच दिवसांत ते विधेयक नियमबाह्य ठरवले. शेवटी व्हाइसरॉयला वटहुकूम काढावा लागला. त्याच वर्षी कायदेमंडळाची कचेरी सरकारच्या हाताखालून काढून त्यांनी अध्यक्षांच्या अखत्यारीत आणली. आपली संसद आजही त्याच वाटेने चालते.

१९३०मध्ये त्यांनी राजीनामा दिला. तुरुंगात प्रकृती ढासळली, ती परत सुधारली नाही. उपचारांसाठी ते युरोपात गेले. तिथे सुभाषबाबू भेटले. तेही आजारीच होते, तरी त्यांनी या वृद्ध नेत्याची शुश्रूषा केली. २२ ऑक्टोबर १९३३ला जिनिव्हाजवळ विठ्ठलभाईंनी प्राण सोडला.

आपला देह चौपाटीवर, लोकमान्यांच्या शेजारी अग्नीला द्यावा, ही त्यांची पहिली इच्छा. १ ऑगस्ट १९२०ला टिळक गेले, तेव्हा त्या वाळूवर त्यांना अग्नी देण्यास सरकारने परवानगी दिली होती. त्या दिवशी लोटलेला जनसागर सरकार विसरले नसावे. विठ्ठलभाईंचा देह बोटीने नोव्हेंबरात मुंबईला आला, लाखो लोक जमले, पण चौपाटीची परवानगी नाकारली गेली. नेहमीच्या स्मशानभूमीतच अंत्यसंस्कार झाले.

धाकटा भाऊ तेव्हा नाशिकच्या तुरुंगात होता. सरकारने अटी घालून सुटका देऊ केली. वल्लभभाईंनी अटी नाकारल्या आणि त्यांचे चिरंजीव डाह्याभाई यांनी अग्नी दिला. नाशिकहून मुंबईला यायचे, तर गाडी कल्याण आणि आमच्या दिव्यावरूनच जाते. ज्याच्या शब्दाखातर विलायतेची वाट सोडली, त्या भावासाठी एवढा प्रवासही त्यांच्या वाट्याला आला नाही.

दुसरी इच्छा मृत्युपत्रात होती. मालमत्तेचा मोठा भाग परदेशात हिंदुस्थानच्या प्रचारासाठी सुभाषबाबूंच्या हाती द्यावा, असे त्यात लिहिले होते. वारसदारांनी त्याला हरकत घेतली. १९३९मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती तरतूद मोघम म्हणून रद्द ठरवली. पैसे वारसांनी स्वतःकडे न ठेवता विठ्ठलभाईंच्या स्मारकासाठी दिले, हे खरे. पण सुभाषबाबूंच्या मनातली अढी राहिली. माझ्या टेबलावर असे वाद मी बरेच पाहिले. त्यांत रकमेपेक्षा जास्त दुखते ते हे, की गेलेल्याचा भरवसा कोणावर होता.

याच काळातल्या फिलिपाईन्सच्या मॅन्युएल क्वेझॉन यांची आठवण होते. अमेरिकी अमलाखाली ते तिथल्या सिनेटचे अध्यक्ष आणि नंतर राष्ट्राध्यक्ष झाले. १ ऑगस्ट १९४४ला, म्हणजे टिळकांच्याच तिथीला, ते अमेरिकेत वारले. अमेरिकेने त्यांना आपल्या आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत ठेवले. १९४६मध्ये देह मायदेशी आला आणि १९७९पासून तो क्वेझॉन शहरातल्या स्मारकात आहे. ते युद्धातले मित्र होते, ही गोष्ट वेगळी. तरीही दूरदेशी मेलेल्या पुढाऱ्याला राज्यकर्त्यांनी कशी जागा दिली, हे पाहिले की चौपाटीची ती नकारघंटा जास्तच खुपते.

मात्र गोष्ट इथे संपत नाही. विठ्ठलभाईंचा पुतळा आज चौपाटीवर आहे. तो सासवण्याचे शिल्पकार विनायकराव करमरकर यांनी घडवला. लोकमान्यही तिथेच आहेत. अनंत चतुर्दशीला गणपती पोहोचवायला जातो, तेव्हा गर्दीत मी अलीकडे मान वर करून एकदा त्यांना पाहतो. अंत्ययात्रा अडवणारे सरकार गेले. सरकारला अडवणारा मात्र अजून तिथे उभा आहे. पुढच्या खेपेस चौपाटीवर गेलात, तर मुलांना भेळ घेऊन देण्याआधी एवढे त्यांना दाखवा.