एका क्लिकचं पॅनेल आणि ल कॉर्बुझिए यांची काचेची भिंत

रेव्हिटमध्ये कर्टन वॉल काढायची, टॅब दाबत हवं ते पॅनेल निवडायचं, त्याची पिन काढायची आणि टाइप ग्लेज्डवरून सॉलिड करायचा. झालं! खाली बंद, वर काच अशी खिडकी तयार. जेमतेम दहा सेकंदांचं काम.

पॅरिसमधल्या एका इमारतीत हाच बदल व्हायला जवळपास वीस वर्षं लागली. ती इमारत होती विसाव्या शतकातल्या सगळ्यात गाजलेल्या आर्किटेक्टची, म्हणजे ल कॉर्बुझिए यांची. चंडीगड शहरामुळे हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. आज त्यांची गोष्ट खिडकीच्या बाजूने बघूया.

घड्याळाच्या गावातला मुलगा

त्यांचं खरं नाव शार्ल-एदुआर जानरे. जन्म ६ ऑक्टोबर १८८७, स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फों या घड्याळं बनवणाऱ्या गावात. वडील घड्याळाच्या तबकड्यांवर मीनाकाम करायचे, आई संगीत शिकवायची. मुलगाही घड्याळाच्या केसवर नक्षी कोरायला शिकत होता. पण कलाशाळेतल्या शिक्षकांनी त्याला आर्किटेक्चरकडे वळवलं.

पुढे पॅरिसमध्ये त्यांनी ऑग्युस्त पेरे यांच्याकडे काम केलं आणि काँक्रीट म्हणजे काय ते तिथे समजून घेतलं. बर्लिनजवळ पेटर बेरेन्स यांच्या ऑफिसातही ते काही महिने होते. ल कॉर्बुझिए हे नाव त्यांनी १९२० मध्ये घेतलं.

भिंत मोकळी झाली

१९१४ मध्ये त्यांनी डोम-इनो नावाचा एक सांगाडा मांडला. त्यात फक्त स्लॅब, खांब आणि जिना. सगळं वजन खांब घेणार, त्यामुळे बाहेरच्या भिंतीवर भार नाही. आपल्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर भिंत नॉन-बेअरिंग झाली. मग त्या भिंतीत हवी तेवढी लांब खिडकी काढता येते.

१९२३-२४ मध्ये त्यांनी लेमान सरोवराच्या काठी आईवडिलांसाठी छोटं घर बांधलं. त्याला तब्बल ११ मीटर लांबीची एकच आडवी खिडकी दिली. गुरू पेरे यांना ही कल्पना मुळीच पटली नाही. त्यांच्या मते खिडकी उभी हवी, कारण तिच्यातून जवळच्या जमिनीपासून आभाळापर्यंत सगळं दिसतं. आडव्या पट्टीखाली भिंत येते आणि जमीन दिसेनाशी होते. खिडकीचा खालचा भाग बंद असावा की उघडा, यावर दोघांचा वाद छापूनही आला!

काच जिंकली, माणसं घामाघूम

लवकरच ल कॉर्बुझिए यांना पट्टीही पुरेना. आता पूर्ण भिंतच काचेची हवी होती. साल्व्हेशन आर्मी या संस्थेने पॅरिसमध्ये बेघर लोकांसाठी निवारा बांधायचं काम त्यांना दिलं. ही सिते द रफ्यूज इमारत डिसेंबर १९३३ मध्ये सुरू झाली. दक्षिणेच्या बाजूला सुमारे १००० चौरस मीटर सलग काच आणि त्यात उघडणारी एकही खिडकी नाही.

कागदावरचा प्लॅन वेगळा होता. काचेचे दोन थर लावायचे, मधून गरम किंवा थंड हवा फिरवायची आणि आत यंत्राने शुद्ध हवा सोडायची. पण पैसे कमी पडले. काच एकेरीच लागली आणि थंड करणारी यंत्रणा राहून गेली.

हिवाळ्यात उद्घाटन झालं तेव्हा सगळे खूश होते. उन्हाळा आला आणि इमारतीची भट्टी झाली. आत राहणारे लोक आधीच रस्त्यावरून आलेले, त्यांच्यात लहान मुलंही होती. त्यांना खिडकी उघडायचीही सोय नव्हती. शेवटी प्रशासनाने उघडणाऱ्या खिडक्या बसवायला लावल्या. ल कॉर्बुझिए यांनी याला जोरदार विरोध केला. डिझाइनवर त्यांचा इतका विश्वास होता की आत बसलेल्या माणसाची तक्रार त्यांना ऐकूच येत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात त्या काचेचं मोठं नुकसान झालं. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला दर्शनी बाजू नव्याने केली गेली. खाली भरीव भाग, वर उघडणाऱ्या खिडक्या आणि बाहेर ऊन अडवणारे काँक्रीटचे पडदे. या कामात त्यांचे चुलतभाऊ आणि जुने भागीदार पियेर जानरे यांचा मोठा वाटा होता.

चंडीगडची खिडकी

१९५१ मध्ये ल कॉर्बुझिए चंडीगडच्या कामासाठी भारतात आले. इथल्या उन्हापुढे सलग काचेची भिंत टिकणार नव्हती. तोपर्यंत त्यांची खिडकीही बदलली होती. तिचे त्यांनी चक्क भाग पाडले. उजेडासाठी न उघडणारी काच. हवेसाठी अरुंद, उभी, भरीव झडप आणि तिला डास अडवणारी जाळी. उन्हासाठी बाहेरच्या बाजूला काँक्रीटचे खोल कप्पे. चंडीगडच्या २५४ मीटर लांब सचिवालयात ही पद्धत दिसते. अहमदाबादच्या मिल ओनर्स असोसिएशनच्या इमारतीत पश्चिमेचं ऊन अडवायला कप्पे तिरके केले आहेत.

त्यांचं सगळंच कौतुकास्पद होतं असं नाही. युद्धकाळात नाझींशी हातमिळवणी केलेल्या व्हिशी सरकारकडून काम मिळवायचा त्यांनी प्रयत्न केला, यावर आजही टीका होते. २७ ऑगस्ट १९६५ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावर समुद्रात पोहताना त्यांचा मृत्यू झाला. वय होतं ७७. २०१६ मध्ये युनेस्कोने सात देशांतली त्यांची १७ कामं जागतिक वारसा यादीत घेतली. चंडीगडचं कॅपिटल कॉम्प्लेक्स त्यात आहे.

आता तुमच्या मॉडेलकडे

खाली बंद पॅनेल असलेली खिडकी मॉडेल करताना एक गोष्ट खूप जण करतात. सिलची उंची वाढवतात आणि खाली भिंत तशीच सोडतात. दिसायला ठीक वाटतं, पण ते पॅनेल नाही, ती भिंतच आहे. जाडी वेगळी, मटेरियल वेगळं, शेड्यूलमध्ये मापही चुकीचं. उष्णतेचा हिशोबही मग चुकतो.

योग्य पद्धत अशी: विंडो फॅमिलीत भिंतीची ओपनिंग पूर्ण उंचीची ठेवा. मध्ये एक रेफरन्स प्लेन टाका आणि खालच्या पॅनेलच्या उंचीला स्वतंत्र पॅरामीटर द्या. काचेची उंची फॉर्म्युल्याने काढा, म्हणजे एकूण उंचीतून पॅनेल आणि चौकट वजा. पॅनेल आणि काच यांना वेगवेगळे मटेरियल पॅरामीटर द्या. मग एकच फॅमिली प्रत्येक मजल्यावर वेगळ्या मापात वापरता येते.

आणि टाइप बदलायच्या आधी सन पाथ चालू करून मे महिन्यातली दुपारी तीनची वेळ लावून बघा. ऊन कुठपर्यंत येतंय? खिडकीचा कोणता भाग उघडतोय? खालच्या काचेतून खरंच काही बघायचंय, की तिथे पलंग किंवा टेबलच येणार आहे? सिते द रफ्यूजमध्ये या प्रश्नांची उत्तरं आत राहणाऱ्यांनी उकाडा सोसून दिली. तुमच्याकडे ती बांधकामाच्या आधीच मिळवायची सोय आहे, तर ती वापरा.