आकाशवाणीच्या सुरावटीमागचा निर्वासित

सकाळची सभा सुरू होण्यापूर्वी तंबोऱ्याच्या साथीने व्हायोलिनवर वाजणारी आकाशवाणीची परिचयधून ठाऊक नसलेला श्रोता विरळाच. शिवरंजनी रागावर बेतलेल्या, १९३६ च्या सुमारास तयार झालेल्या या धूनचे रचनाकार म्हणून वॉल्टर कॉफमन यांचे नाव घेतले जाते. कॉफमन ज्यू होते आणि नाझी राजवटीच्या सावटातून निसटून मुंबईस आले होते.

बोहेमियातील कार्ल्सबाड येथे १ एप्रिल १९०७ रोजी त्यांचा जन्म झाला. शिक्षण बर्लिन व प्राग येथे. प्रागच्या जर्मन विद्यापीठासाठी त्यांनी माहलर यांच्या संगीतावर प्रबंध पूर्ण केला. मात्र आपले मार्गदर्शक नाझी युवक संघटनेचे पुढारी आहेत हे कळताच पदवी नाकारली. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत कॉफमन मुंबईत उतरले. भारताचीच निवड करण्यामागचे कारण अगदी व्यावहारिक होते. येथला व्हिसा सहज मिळत होता! १९३८ मध्ये जर्मनीने त्यांचे जन्मगाव बळकावले, १९३९ मध्ये प्राग. परतीची वाट बंद झाली.

भारतीय संगीत प्रथम कानी पडले तेव्हा त्यांना ते परके व अनाकलनीय वाटले. परंतु असंख्य लोकांना जे प्रिय आहे ते आपल्याला उमगत नसेल, तर उणीव आपल्यातच असावी, असे मानून ते ऐकत राहिले. त्या काळच्या युरोपीय संगीतज्ञांत ही विनम्रता दुर्मीळच म्हणावी लागेल. मुंबईत त्यांनी चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. झुबिन मेहता यांचे वडील मेहली मेहता तीत व्हायोलिन वाजवीत. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताची धुरा त्यांनी १९४६ पर्यंत वाहिली.

त्यानंतर लंडन, कॅनडातील हॅलिफॅक्स व विनिपेग असा प्रवास करीत १९५७ मध्ये ते अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात प्राध्यापक झाले. मुंबईत जडलेला छंद तेथे ग्रंथरूपास आला. उत्तर हिंदुस्थानी रागांवरील त्यांचा ग्रंथ १९६८ मध्ये आणि दक्षिणेतील रागांवरील १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या ग्रंथाचा पाया ७२ मेळांची पद्धती हा आहे. सतराव्या शतकात तंजावरच्या नायक दरबारी व्यंकटमखी यांनी ती मांडली होती. त्याच तंजावरात पुढे भोसले कुळातील तुळजाराजांनी 'संगीतसारामृत' रचले, हे मराठी वाचकांस ठाऊक असेलच.

कॉफमन यांचे ९ सप्टेंबर १९८४ रोजी ब्लूमिंग्टन येथे निधन झाले.