शिफॉन साडी रुजवणाऱ्या इंदिराराजे कोण होत्या?

पनवेलच्या लग्नसराईत सहज दिसणारी शिफॉनची साडी भारतात रुजवण्याचे श्रेय बडोद्याच्या इंदिराराजे गायकवाड (१८९२-१९६८) यांना दिले जाते. त्यांचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे यांच्याशी ठरले होते. पण १९११ च्या दिल्ली दरबारात कूचबिहारचे जितेंद्र नारायण भेटले आणि इंदिराराजेंनी परस्पर पत्र लिहून ठरलेले लग्न मोडले. सयाजीरावांना हे कळले ते थेट ग्वाल्हेरच्या तारेवरून! १९१३ मध्ये लंडनच्या हॉटेलात विवाह झाला. सातपदरी मोतीहारासाठी जगभर नावाजलेल्या घराण्याची ही लेक. पण लग्नाला आईवडीलच नव्हते. तिसाव्या वर्षी वैधव्य आले, मुलगा लहान म्हणून संस्थानाचा कारभारही अंगावर पडला. हौस मात्र सुटली नाही. इटलीच्या फेरागामोंकडून बूट करवून घेताना त्यावर जडवायचे हिरे-मोती त्यांनी स्वतःच्या संग्रहातून पाठवले.