विश्लेषण : केंब्रिजला शिकलेला अर्थतज्ज्ञ साखर कारखान्याचा अध्यक्ष का झाला? धनंजयराव गाडगीळ आणि उसाच्या दराचा हिशेब

गळीत हंगाम तोंडावर आला की दरवर्षी तोच वाद सुरू होतो. पहिली उचल किती? एफआरपी एकरकमी की तुकड्यांत? साखरेचा भाव चढला तर त्यातला वाटा शेतकऱ्याला मिळणार का? ज्या सहकारी कारखानदारीभोवती हा वाद फिरतो, तिच्या उभारणीत पुण्याच्या एका अर्थशास्त्रज्ञाचा मोठा हात होता. धनंजयराव गाडगीळ हे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत ‘गाडगीळ सूत्रा’पुरते भेटते. प्रवरेच्या काठावरच्या कारखान्याचे ते पहिले अध्यक्ष होते, हे तिथे सहसा सापडत नाही.

कोण होते धनंजयराव गाडगीळ?

जन्म १० एप्रिल १९०१, नाशिकचा. शाळा नागपुरात आणि उच्च शिक्षण केंब्रिजमध्ये झाले. भारताच्या औद्योगिक वाटचालीवरचा त्यांचा प्रबंध १९२४ मध्ये पुस्तकरूपाने आला आणि पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांच्या अभ्यासात राहिला. सुरतच्या महाविद्यालयात काही वर्षे प्राचार्य राहिल्यावर ते पुण्यात आले. रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली. गाडगीळ तिचे पहिले संचालक, आणि १९६६ पर्यंत तेच या पदावर राहिले.

या संस्थेची खासियत म्हणजे प्रत्यक्ष जाऊन मोजणे. पुणे शहरातील कुटुंबे असोत की एखादा तालुका, आधी पाहणी आणि मग मत. याच पद्धतीमुळे ते उसापर्यंत पोहोचले.

कालव्याच्या पाण्याने काय बदलले?

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा मोठा भाग कायमचा अवर्षणग्रस्त. भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले आणि प्रवरेच्या पाटाचे पाणी शेतात आले. या पाण्याचा खरा फायदा किती आणि कोणाला, हे मोजण्याचे काम गाडगीळांच्या संस्थेने केले. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांवरचा तो अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंचन प्रकल्पाचा हिशेब नुसत्या पाणीपट्टीवरून करायचा नाही, तर त्यातून वाढलेले उत्पन्न आणि रोजगारही धरायचे, अशी त्याची मांडणी होती.

पाणी आले तरी शेतकरी मोकळा झाला नव्हता. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात उभा राहतो. तोवर खत, पाणी, मजुरी सगळे उधारीवर. शेवटी गुऱ्हाळ लावायचे आणि गूळ बाजारात मिळेल त्या भावाला द्यायचा. १९३२ मध्ये साखर उद्योगाला आयातीपासून संरक्षण मिळाल्यावर खासगी कारखाने वाढले. पण दख्खनमधल्या कारखान्यांनी मोठ्या जमिनी खंडाने घेऊन स्वतःचाच ऊस लावला. म्हणजे धंद्यातला नफा कारखानदाराचा आणि जमीनमालक फक्त खंड घेणारा.

सहकारी कारखान्याची कल्पना कशी रुजली?

१९४५ मध्ये बेलापूरला दख्खन कालवे बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. शेतकऱ्यांनी स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा, हा विचार तिथे पुढे आला. त्याला माणूस मिळाला लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील. शिक्षण जेमतेम, पण १९२३ मध्येच त्यांनी गावात सहकारी पतपेढी काढून दाखवली होती. विखे गावोगाव फिरून भागभांडवल गोळा करत होते, तर गाडगीळ सरकार, बँका आणि कागदपत्रांची बाजू सांभाळत होते. तेव्हाच्या मुंबई सरकारात सहकार खाते वैकुंठभाई मेहतांकडे होते, याचाही उपयोग झाला. कारखान्याची नोंदणी १९४८ मध्ये झाली आणि पहिला हंगाम १९५०-५१ चा. गाळप क्षमता दिवसाला ५०० टन, जी आजच्या मानाने अगदीच लहान. गाडगीळ अध्यक्ष, विखे उपाध्यक्ष.

मालकी शेतकऱ्याचीच का हवी?

याचे उत्तर उसाच्या गुणधर्मात आहे. कांदा किंवा कापूस भावासाठी थोडा थांबवता येतो. तोडलेला ऊस थांबत नाही. काही तासांतच त्यातली साखर घटू लागते, वजनही उतरते. फार दूर नेणेही परवडत नाही. त्यामुळे परिसरात एकच कारखाना असेल तर भाव तोच ठरवणार. खासगी मालकासाठी उसाचा दर हा खर्च असतो आणि खर्च कमी करणे हा त्याचा धंदाच. सभासदांच्या कारखान्यात मात्र उसाचा दर हेच उत्पन्नाचे वाटप ठरते.

सरकारी भांडवल कधी आले?

हा भाग गाडगीळांच्या बाबतीत जास्त वादाचा आहे. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या ग्रामीण पतपुरवठा पाहणी समितीत ते होते. सहकारी संस्थांच्या भांडवलात सरकारने भागीदार व्हावे, अशी शिफारस या समितीने १९५४ मध्ये केली. गरीब सभासदांकडे पैसाच नसेल तर संस्था उभी राहणार कशी, हा त्यामागचा सरळ विचार. पुढे महाराष्ट्रात कारखाने भराभर उभे राहिले ते सरकारी भागभांडवल आणि थकहमीच्या आधारावरच. मात्र त्याच वाटेने कारखाना हे आमदारकीचे केंद्रही बनले. हा दोष एकट्या शिफारशीचा नाही, पण संबंध नाकारता येत नाही.

१९६७ मध्ये गाडगीळ नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची, याचे सूत्र त्यांच्याच काळात ठरले. मे १९७१ मध्ये पद सोडून दिल्लीहून पुण्याला परतताना रेल्वे प्रवासातच त्यांचे निधन झाले.

आजचा पेच काय?

कारखाना शेतकऱ्याचा झाला, तरी दोन महत्त्वाचे आकडे दिल्लीतच ठरतात. २०२५-२६ हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला ३,५५० रुपये आहे. एवढ्या उताऱ्याला एका टनातून १०२.५ किलो साखर निघते. साखरेचा किमान विक्री दर केंद्राने फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये केला, तेव्हा एफआरपी १० टक्के उताऱ्याला २,७५० होती. एफआरपी वाढत गेली, ३१ चा आकडा मात्र वर्षानुवर्षे तसाच राहिला. त्या दराने आजच्या १०२.५ किलोचे होतात ३,१७७ रुपये. म्हणजे प्रक्रियेचा खर्च धरण्याआधीच पावणेचारशेच्या आसपास तूट. बाजारभाव या किमान दराच्या वर असतो आणि इथेनॉल, सहवीजनिर्मितीतूनही पैसे येतात, म्हणून गाडी चालते. शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर एफआरपीतून तोडणी-वाहतूक वजा होते, त्यामुळे हातात येणारी रक्कम आणखी कमी.

रंगराजन समितीने २०१२ मध्ये एक मार्ग सुचवला होता. साखर आणि उपपदार्थांच्या एकूण उत्पन्नातील ७० टक्के वाटा उसाला द्यायचा, नुसती साखर धरली तर ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ मध्ये तसा कायदाही केला. एफआरपी ही किमान हमी आणि हंगामानंतर वाट्याचा हिशेब, अशी ती रचना. पण हिशेबात इथेनॉल आणि वीज किती धरायची, यावर कारखाने आणि शेतकरी संघटनांचे जमत नाही. दरम्यान, एफआरपी टप्प्यांत देण्याची मुभा देणारा राज्याचा २०२२ चा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. ऊस आल्यापासून १४ दिवसांत पैसे देण्याचे बंधन त्यामुळे पुन्हा पूर्ण रकमेला लागू झाले आहे. राज्यात हंगामात दोनशेच्या आसपास कारखाने चालतात आणि त्यातले जवळपास निम्मे आता खासगी आहेत.